मधल्या किमतीचा डीएसएलआर : जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

नागपूरच्या बर्डीत कॅमेरा बघायला गेलेल्या माणसाला एक कोडं हमखास पडतं. काउंटरवर निकॉनचे दोन डीएसएलआर शेजारी ठेवलेले असतात. स्वस्तातल्या डी ५६०० वर २४.२ मेगापिक्सेल आणि त्याहून बराच महाग असलेल्या डी ७५०० वर २०.९. दुकानदार सांगतो, "भाऊ, हे वरचं मॉडेल आहे." वरचं आहे तर आकडा खाली का, हे मात्र तो सांगत नाही. बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसतं.

त्यात बातम्या वेगळंच सांगतात. डीएसएलआरचा, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा काळ सरत चालला आहे. कॅननचा मधल्या गटातला ९० डी ऑगस्ट २०१९ मध्ये आला, निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० च्या सुरुवातीला. सोनीने २०२१ मध्ये या बाजारातून पाय काढला. कॅननच्या प्रमुखांनी त्याच वर्षअखेरीस सांगून टाकलं की वन-डी एक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर. नवा डीएसएलआर काढायची उमेद फक्त पेंटॅक्सने दाखवली.

आणि तरी आपल्याकडे मागणी आहे. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल चालत नाही, कॅमेरा चालतो. लग्नाचे फोटो काढणारे लोक मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळलेत, त्यांचे डीएसएलआर वापरलेल्या मालाच्या बाजारात येऊन पडलेत आणि भाव उतरलेत. हौसेने फोटो काढणाऱ्याला आज मधल्या गटातला कॅमेरा परवडू शकतो. प्रश्न एवढाच की तो पारखायचा कशावर.

## आतमध्ये काय चालतं

लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो, वरच्या काचेच्या लोलकातून वळतो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. तुम्ही छिद्रातून (व्ह्यूफाइंडर म्हणतात ते) जे बघता ते लेन्सने पाहिलेलं खरं दृश्य असतं, पडद्यावरची प्रतिमा नसते. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा शटर नावाचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज मुख्यतः या दोघांचा.

यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो आणि त्याच्यामागचा छोटा आरसा तो खाली वळवतो. तिथे, कॅमेऱ्याच्या तळाशी, फोकस मोजणारा वेगळा सेन्सर बसलेला असतो. म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर एक आणि फोकस ठरवणारा दुसरा. डीएसएलआरची ताकद या रचनेत आहे आणि त्याचं एक दुखणंही. दुखण्याकडे शेवटी येतो.

## मेगापिक्सेल कमी असून महाग कसा?

मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. डी ७५०० चा फोटो ५५६८ बाय ३७१२ ठिपक्यांचा, डी ५६०० चा ६००० बाय ४००० चा. रुंदीतला फरक जेमतेम आठ टक्के. भिंतीवर लावायला ए-थ्री आकाराचा, इंचाला ३०० ठिपके असा उत्तम प्रिंट काढायचा तर साधारण १७.४ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीला तर ८.३ पुरे. तेव्हा २०.९ विरुद्ध २४.२ ही चर्चा दुकानातच सोडून यावी.

निकॉनने इथे मुद्दाम कमी ठिपक्यांचा सेन्सर घेतला. तो वरच्या डी ५०० मधलाच. कमी ठिपके म्हणजे दर फोटोमागे कमी माहिती, आणि म्हणून सेकंदाला जास्त फोटो. कॅननने ९० डी मध्ये उलटी वाट धरली आणि ३२.५ मेगापिक्सेल दिले. जंगलात दूरचा पक्षी कापून मोठा करायचा असेल तेव्हा त्याचा फायदा होतो, पण लेन्स तेवढी तीक्ष्ण असली आणि हात स्थिर असला तरच. नाहीतर हललेला फोटो जास्त बारकाईने हललेला दिसतो.

आता खरी गंमत. स्वस्त आणि मधल्या गटातला कॅमेरा तिपाईवर ठेवा, दोन्हींना सारखीच लेन्स लावा आणि दुपारच्या उजेडात झिरो माइलच्या खांबाचा फोटो घ्या. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे बहुतेकांना ओळखता येणार नाही. हे विक्रेत्याला आवडणार नाही, पण तसंच आहे. स्थिर गोष्ट, भरपूर प्रकाश आणि हाताशी वेळ, एवढं असेल तर जास्तीचे पैसे फोटोत दिसत नाहीत.

## मग पैसे जातात कुठे?

ते जातात क्षण पकडण्यात. स्वस्त कॅमेऱ्यात काचेच्या भरीव लोलकाऐवजी आरशांची जोडणी असते. दृश्य लहान आणि थोडं अंधुक दिसतं, शिवाय फोटोत येणाऱ्या भागापैकी ९५ टक्केच दिसतो. कडेला घुसलेली विजेची तार घरी आल्यावर सापडते. डी ७५०० आणि ९० डी मध्ये भरीव लोलक आहे आणि पूर्ण चौकट दिसते. दुकानात दोन्ही डोळ्याला लावून बघा, समजावून सांगायची गरज उरणार नाही.

दुसरं, चकत्या. मधल्या गटात अंगठ्याखाली एक आणि तर्जनीखाली एक अशा दोन फिरत्या चकत्या असतात. एकीने शटरचा वेग, दुसरीने लेन्सच्या भोकाचा आकार, डोळा न काढता बदलता येतो. स्वस्तात एकच चकती, आणि दुसऱ्या कामासाठी एक बटण दाबून धरत तीच फिरवायची. कागदावर ही क्षुल्लक बाब वाटते. मरबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत, महालातल्या गल्लीत मागून रेटा येत असताना ती क्षुल्लक राहत नाही.

तिसरं, फोकसचे बिंदू. कॅननच्या स्वस्तातल्या १५०० डी मध्ये ९ बिंदू आहेत आणि त्यांतला फक्त मधला 'क्रॉस' जातीचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. डी ७५०० मध्ये ५१ बिंदू, त्यांतले १५ क्रॉस. ९० डी मध्ये ४५, आणि सगळेच क्रॉस. अंबाझरीच्या काठावर बसलेल्या बगळ्याला एक बिंदू पुष्कळ झाला. तोच बगळा उडाला की बिंदूंचं दाट जाळं लागतं, कारण चौकटीत तो कुठे जाईल ते तो तुम्हाला विचारत नाही.

चौथं, बफर. या शब्दावर थोडं थांबू, कारण इथेच लोक फसतात. डब्यावर 'सेकंदाला ८ फोटो' लिहिलेलं असतं. किती सेकंद, ते लिहिलेलं नसतं. पिठाच्या चक्कीवर धान्य वरच्या तोंडात ओततात आणि खाली ते हळूहळू दळलं जातं. ओतायचा वेग जास्त आणि दळायचा कमी, त्यामुळे वरचं तोंड भरलं की हात थांबवावाच लागतो. कॅमेऱ्यात ते वरचं तोंड म्हणजे बफर, आणि दळण म्हणजे कार्डावर फोटो उतरवणं. डी ७५०० च्या आधीचा डी ७२०० सेकंदाला ६ फोटो घेतो, पण रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या पूर्ण दर्जाच्या फायली घेतल्या तर साधारण १८ फोटोंनंतर अडतो. म्हणजे तीन सेकंद. डी ७५०० सेकंदाला ८ च्या वेगाने ५० फोटो घेतो, म्हणजे सहा सेकंद. वाघ रस्ता ओलांडतो तो जवळपास एवढ्याच वेळात. स्वस्त कार्ड टाकलंत तर तोंड पुन्हा मोकळं व्हायला आणखी वेळ, तेव्हा तिथे कंजुषी नको.

आणखी एक बारीक गोष्ट, निकॉनवाल्यांसाठी. स्वस्तातल्या डी ५६०० आणि डी ३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. डी ७००० मालिकेत ती कॅमेऱ्यातच आहे, त्यामुळे जुन्या, स्वस्त मिळणाऱ्या एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करतात. फक्त या एका कारणासाठी डी ७२०० घेणारे लोक आहेत आणि ते चुकत नाहीत.

## सोळा लाख चाळीस हजार आयएसओ!

डी ७५०० च्या जाहिरातीत हा आकडा झळकायचा. आयएसओ वाढवलं की कॅमेरा अंधारात जास्त बघतो, अशी समजूत आहे. प्रकाश वाढत नाही, आलेला संकेत नुसता मोठा होतो. प्रकाश कणाकणाने येतो. भरपूर असतो तेव्हा शेजारच्या ठिपक्यांवर जवळपास सारखे कण पडतात, थोडा असतो तेव्हा कुठे जास्त, कुठे कमी. हा असमानपणा मोठा करून दाखवला की फोटोत दाणे दिसू लागतात. यालाच नॉईज म्हणतात. या कॅमेऱ्याची खरी मर्यादा कंपनीच ५१,२०० सांगते, आणि त्यावरचं 'वाढीव' खात्यात टाकते. तिथल्या फोटोत वाघ आहे की झुडूप याची पैज लावता येईल. माझ्या हिशेबी ६,४०० पर्यंत निर्धास्त जावं, त्यापुढे गरजेपुरतं.

हा आकडा आपल्याला कधी लागतो? पेंचच्या खुर्सापार गेटमधून हिवाळ्यात पहिल्या उजेडात आत शिरलात की झाडांखाली प्रकाश बेताचाच असतो. चालत्या प्राण्याला १/५०० सेकंदाचा वेग हवा. लेन्सचं भोक एफ ५.६ पेक्षा मोठं होत नसेल, तर आयएसओ सहज ६,४०० वर जातं. (एफ पुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. उलटं आहे, पण सवय होते.) एफ २.८ ची लेन्स असेल तर तोच फोटो १,६०० वर मिळतो, कारण ती चौपट प्रकाश घेते.

याची तुलना फुल फ्रेमशी करा. आपल्या गटातल्या सेन्सरला एपीएस-सी म्हणतात. निकॉनचा २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा, कॅननचा थोडा लहान. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४, क्षेत्रफळ साधारण २.३ पट. म्हणजे मोठ्या सेन्सरने सव्वादोनपट मिळतं आणि मोठ्या भोकाच्या लेन्सने चौपट. 'फुल फ्रेमच घ्या, नाहीतर काही घेऊ नका' असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला हा हिशेब दाखवा. शिवाय लहान सेन्सर दृश्याचा मधला भागच घेतो, म्हणून ३०० मिलिमीटरची लेन्स निकॉनवर ४५० सारखी आणि कॅननवर ४८० सारखी चौकट देते. वन्यजीवांच्या फोटोंसाठी ही सोय फुकटात मिळते.

अर्थात लांब पल्ल्याच्या एफ २.८ लेन्सची किंमत ऐकून माणूस घरी परततो. तडजोड म्हणजे निकॉनची २००-५०० एफ ५.६, किंवा टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६००. निकॉनची लेन्स एकटीच २.३ किलोची आहे, जिप्सीत बीनबॅग लागेलच. घरगुती फोटो, सण, माणसं यांसाठी मात्र उपाय स्वस्त आहे: निकॉनची ३५ एफ १.८ किंवा कॅननची ५० एफ १.८. माझं मत सरळ आहे. ठरलेल्या रकमेतली निम्मी कॅमेऱ्यावर, निम्मी लेन्सवर. कॅमेऱ्याबरोबर डब्यात आलेल्या लेन्सवर वर्षानुवर्षं काढणारा माणूस महागडं घड्याळ घेऊन त्याला सेल न टाकणाऱ्यातला.

## ऊन आणि सावली एकाच चौकटीत

भाद्रपदातलं ऊन, दोन्ही बाजूंना घरं, अर्धी गल्ली पांढरीफटक आणि अर्धी काळी. मिरवणुकीतल्या काळ्या मरबतीचा चेहरा सावलीत आणि वर आकाश. अशा वेळी कॅमेरा सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागातलं किती टिपू शकतो याला डायनॅमिक रेंज म्हणतात. रॉ फाईल घ्या, आकाश जळणार नाही इतका फोटो गडद ठेवा आणि सावली घरी संगणकावर उजळा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या लहान फायलीत, कॅमेरा स्वतःच कापाकापी करून बसलेला असतो, तिथे हे फारसं जमत नाही. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या स्तूपाचं उलटं: कॅमेऱ्याला पांढरं सहन होत नाही, तो सगळं राखाडी करतो. तिथे एक्स्पोजर हाताने वाढवावं.

## डी ७५०० की ९० डी?

व्हिडिओ करणार असाल तर ९० डी, वाद नको. आरसा वर करून पडद्यावर बघताना त्याचा फोकस झपाट्याने बसतो, फोर-के पूर्ण रुंदीत मिळतो आणि पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरतो. निकॉन तिथे चाचपडतो, आणि फोर-केमध्ये चौकट आणखी कापतो.

फक्त फोटो काढणार असाल तर डी ७५०० हातात छान बसतो आणि फायली लहान राहतात. त्याच्या उणिवा मात्र उघड सांगायला हव्यात. आधीच्या डी ७२०० मध्ये दोन कार्डं बसायची, इथे एकच. (९० डी मध्येही एकच.) हाताने फोकस करायच्या निकॉनच्या जुन्या 'एआय' जातीच्या लेन्सवर डी ७२०० प्रकाश मोजून द्यायचा, हा देत नाही. नवं मॉडेल काढताना जुन्यातलं काढून घ्यायचं ही कंपन्यांची खोड. म्हणून चांगल्या अवस्थेतला वापरलेला डी ७२०० मिळाला आणि सेकंदाला ६ फोटो पुरत असतील, तर मी आधी तो बघेन.

## मोबाइल आहे की!

आहे, आणि रुंद दृश्य, जेवणाचं ताट, फुटाळ्यावरची संध्याकाळ यासाठी तो पुरतो. अनेक फोटो झटकन घेऊन ते एकत्र करायची त्याची हातोटी डीएसएलआरमध्ये नाही. तो अडतो दूरच्या, हलत्या आणि अंधारातल्या गोष्टीपाशी. तुमच्या फोटोंत या तिन्ही नसतील तर पैसे वाचवा.

## मिररलेस का नको?

हा आक्षेप वजनदार आहे. मिररलेसमध्ये फोटो टिपणारा सेन्सरच फोकस करतो. कॅननच्या आर ७ आणि आर १० सारखे नवे कॅमेरे प्राण्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतात. नवीन लेन्सही आता त्याच बाजूला येणार. नवंकोरंच घ्यायचं असेल आणि रक्कम असेल, तर मी मिररलेसच सुचवेन.

डीएसएलआरच्या बाजूला काय उरतं? एक, वापरलेल्या मालाचा भाव, कॅमेऱ्याचा आणि त्याहून जास्त लेन्सचा. कॅमेऱ्याला लेन्स बसवायची निकॉनची 'एफ' जोडणी १९५९ पासूनची, कॅननची ईएफ १९८७ पासूनची, त्यामुळे माल अफाट आहे. दोन, बॅटरी. ठरलेल्या चाचणीनुसार डी ७५०० एका चार्जवर ९५० फोटो काढतो, ९० डी १३००. याच किमतीचे मिररलेस बरेचदा तीनशे-चारशेच्या घरात थांबतात. आणि लेन्समधले पैसे बुडतील ही भीती अर्धीच खरी आहे, कारण कंपनीच्याच अडॅप्टरने त्या मिररलेसवर चालतात. अपवाद वर सांगितलेल्या मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सचा: निकॉनच्या अडॅप्टरवर त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो.

## उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं

दोन्ही कॅमेऱ्यांना कंपनीने ० ते ४० अंश एवढंच तापमान सांगितलं आहे. आपला मे महिना पंचेचाळिशी ओलांडतो. म्हणून लगेच बंद पडतील असं नाही, पण उन्हात उभ्या कारमध्ये कॅमेरा ठेवणं हा वेडेपणा आहे. जुलैपासून उलटा त्रास: ओलाव्याने लेन्समध्ये बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्यावर भागतं. चामड्याच्या पेटीत बंद करून कपाटात ठेवू नका.

## वापरलेला घेताना

स्वतःचं कार्ड घेऊन जा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर घ्या, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे भावातून वजा करा. शटर किती वेळा उघडलं याचा आकडा निकॉनच्या फायलीतच असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये नसतो. डी ७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, आणि लग्नाच्या दोन-तीन हंगामांत त्यातला मोठा हिस्सा खर्च होऊ शकतो. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

आणि ते दुखणं. फोकसचा सेन्सर वेगळा असल्यामुळे दोघांच्या मापात किंचित फरक पडू शकतो, मग फोकस नेमका हवा त्याच्या थोडा पुढे किंवा मागे बसतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, तिरक्या कोनातून एका ओळीवर फोकस करा, भोक पूर्ण उघडं ठेवा आणि फोटो मोठा करून तीच ओळ तीक्ष्ण आली का बघा. थोडी सरकली असेल तर डी ७२००, डी ७५०० आणि ९० डी मध्ये ती मेनूतून लेन्सनिहाय जुळवता येते. डी ५६०० आणि १५०० डी मध्ये ही सोय नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुळला नाही तर विक्रेता कितीही ओळखीचा असो, व्यवहार करू नका.